संकेतस्थळाला सीडीएन लावण्याआधी: अंतर, प्रती आणि शिळेपणाचा हिशोब

केबलवाला

'मदत हवी' विभागात डोंगरयात्री यांनी विचारलं होतं: गडकिल्ल्यांच्या छायाचित्रांचं संकेतस्थळ आहे, सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियाला, वाचक बहुतेक महाराष्ट्रातले. पान उघडायला फार वेळ लागतो, तर सीडीएन (कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, म्हणजे फाइलींच्या प्रती वाचकाजवळ ठेवणारी सेवा) लावावा का आणि कुणाचा? उत्तर लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

कुणाचा, हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आधी वेळ जातो कुठे ते बघू.

मुंबई ते व्हर्जिनिया हवाई अंतर साधारण १३ हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन यायला किमान १३० मिलिसेकंद. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत टाकलेल्या नसतात आणि वाटेत राउटर लागतात, त्यामुळे प्रत्यक्षात एक फेरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पान एका फेरीत येत नाही. टीसीपी जोडणीला (दोन मशीनमधली मूळ जोडणी) एक फेरी, टीएलएस १.३ ला (त्यावरचं सुरक्षेचं कुलूप) आणखी एक (जुन्या १.२ ला दोन), आणि मागणी जाऊन पहिला बाइट परत यायला तिसरी. ६०० मिलिसेकंद गेले आणि पडदा अजून कोराच.

त्यानंतरही सर्व्हर सगळं एकदम सोडत नाही. टीसीपी सुरुवातीला दहाच पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) पाठवतो, म्हणजे अंदाजे १४ केबी. पोच आली की दुप्पट, पुन्हा पोच, पुन्हा दुप्पट. १०० केबीच्या फाइलमध्ये यातच तीन-चार फेऱ्या जातात. तुमच्या घरी १०० एमबीपीएसची लाइन असली तरी या फेऱ्या कमी होत नाहीत. म्हणून 'माझं नेट तर फास्ट आहे, मग हेच संकेतस्थळ का रखडतं?' याचं उत्तर बऱ्याचदा अंतरात असतं.

सीडीएन म्हणजे या अंतरावरचा उपाय. कंपनी जगभरच्या शहरांत स्वतःचे सर्व्हर ठेवते (एज सर्व्हर म्हणतात त्यांना) आणि तुमच्या फाइलींच्या प्रती तिथे साठवते. पुण्याचा वाचक मुंबईच्या एज सर्व्हरपर्यंत दहाएक मिलिसेकंदांत पोचत असेल, तर त्याच तीन फेऱ्या ३० मिलिसेकंदांत उरकतात.

आता माझं मत आधीच सांगून टाकतो. सीडीएनची निवड ही दुय्यम गोष्ट आहे. आपल्या संकेतस्थळावरची कुठली गोष्ट जगातल्या कुणालाही दाखवली तरी चालेल, आणि ती किती वेळ शिळी राहिली तरी चालेल, या दोन प्रश्नांची उत्तरं प्रत्येक प्रकारच्या पानासाठी तुमच्याकडे असली पाहिजेत. ती नसतील तर कितीही महागडा सीडीएन लावा, एक तर उपयोग होणार नाही किंवा घात होईल.

डोंगरयात्री

स्वतंत्र धाग्याबद्दल मनापासून आभार. फेऱ्यांचं गणित पहिल्यांदाच नीट समजलं.

एक शंका. आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधल्या एकाने त्याच्या ब्लॉगला फुकटातला सीडीएन लावलाय. छायाचित्रं पटापट येतात, पण पान उघडायला पहिल्याइतकाच वेळ. असं का होत असेल?

केबलवाला

कारण त्याचं मूळ पान, म्हणजे एचटीएमएल, बहुधा साठवलंच जात नाहीये. क्लाउडफ्लेअर या सीडीएन कंपनीचं उदाहरण घ्या. ते फाइलीचं एक्स्टेन्शन बघून ठरवतात: जेपीजी, सीएसएस, जेएस वगैरे साठवतात, एचटीएमएल आपणहून साठवत नाहीत. हे योग्यच आहे. पान लॉगिन केलेल्या माणसासाठी बनलंय की सगळ्यांसाठी, हे त्यांना बाहेरून कसं कळणार?

बघायचं कसं: ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून 'नेटवर्क'मध्ये जा, पानाच्या ओळीवर क्लिक करा आणि उत्तरात आलेले हेडर (पानाबरोबर येणाऱ्या सूचनांच्या ओळी) वाचा. 'सीएफ-कॅश-स्टेटस'पुढे 'हिट' असेल तर प्रत एज सर्व्हरवरून आली. 'मिस' म्हणजे साठवण्याजोगं आहे पण तिथे नव्हतं, मूळ सर्व्हरकडून आणलं. 'डायनॅमिक' म्हणजे साठवायचा विचारच केला नाही. त्या ब्लॉगच्या पानावर बहुतेक 'डायनॅमिक' दिसेल.

तरी थोडा फायदा तिथेही होतो. टीसीपी आणि टीएलएसच्या फेऱ्या मुंबईतच संपतात, आणि एज सर्व्हर मूळ सर्व्हरशी आधीच उघडलेली जोडणी वापरू शकतो. म्हणजे लांबच्या तीन फेऱ्यांऐवजी एक. पण त्या एकीत वर्डप्रेसला (ब्लॉगची पानं बनवणारी प्रणाली) पान बनवायला लागणारा वेळ मिळवा, की 'पहिल्याइतकंच हळू' वाटायला लागतं.

यावर हुकूम चालतो तो 'कॅश-कंट्रोल' या हेडरचा. 'मॅक्स-एज' म्हणजे किती सेकंद प्रत ताजी समजायची. 'एस-मॅक्सएज' हे फक्त मधल्या सामायिक कॅशसाठी (कॅश म्हणजे प्रतींचा साठा), म्हणजे सीडीएनसाठी, ब्राउझरसाठी नाही. हा फरक फार कामाचा आहे. सीडीएनवरची प्रत तुम्ही हवी तेव्हा पुसू शकता. वाचकाच्या फोनमध्ये जाऊन बसलेली प्रत पुसता येत नाही. म्हणून पानांसाठी मी ब्राउझरला अगदी कमी वेळ देतो आणि सीडीएनला जास्त. 'प्रायव्हेट' म्हणजे ब्राउझरने ठेवलं तर ठेवू दे, सीडीएनने ठेवायचं नाही. 'नो-स्टोअर' म्हणजे कुणीच ठेवायचं नाही. आणि 'नो-कॅश'चा अर्थ नावावरून वाटतो तसा नाही: ठेवा, पण दर वेळी मूळ सर्व्हरला विचारल्याशिवाय देऊ नका.

छायाचित्रं, सीएसएस, स्क्रिप्ट यांच्या नावातच आवृत्तीचा शिक्का टाकायचा आणि मुदत वर्षभराची द्यायची. फाइल बदलली की नाव बदलतं, त्यामुळे शिळेपणाचा प्रश्नच उद्भवत नाही.

रानजाई

वाचतेय. वाचनखूण साठवली.

निशाचर

केबलवाला, 'घात होईल' असं एका वाक्यात म्हणून तुम्ही पुढे गेलात. त्यावर थांबायला हवं, कारण नवे लोक तिथेच अडकतात.

२५ डिसेंबर २०१५ चं उदाहरण देतो. स्टीम हे व्हिडिओ गेम विकणारं दुकान. नाताळच्या सेलची गर्दी, त्यात त्यांच्यावर हल्ला झाला, मागण्यांचा पूर आला. भार उतरवण्यासाठी त्यांच्या कॅशिंग भागीदाराने नवे नियम लावले. त्यातला एक संच चुकीचा होता आणि लॉगिन केलेल्या लोकांसाठी बनलेली पानंही साठवली गेली. परिणाम असा की एकाचं खातं दुसऱ्याला दिसू लागलं: बिलिंगचा पत्ता, ईमेल, खरेदीचा इतिहास, कार्डाचे शेवटचे दोन आकडे. स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने नंतर सांगितलं की सुमारे ३४ हजार लोकांची माहिती अशी उघडी पडली असावी.

कुणी काही फोडलं नव्हतं. सगळ्यांची नसलेली गोष्ट सगळ्यांची समजून साठवली गेली, एवढंच. एका गर्दीच्या दिवशी 'सगळंच कॅश करून टाका' म्हणणारा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. त्याला हा प्रसंग सांगावा.

आपल्याकडे मंडळांच्या संकेतस्थळांवर सभासदांची यादी, वर्गणीच्या पावत्या, मोबाइल नंबर असतात. ती पानं सीडीएनच्या नियमातून बाहेर ठेवा आणि मूळ सर्व्हरनेही त्यांच्यावर 'प्रायव्हेट, नो-स्टोअर' पाठवलं पाहिजे. दोन्ही करा. नियम पुढे कुणीतरी बदलतं. हेडर पानाबरोबरच राहतो.

केबलवाला

निशाचर, शब्दन् शब्द पटला. त्यात एक जोडतो: लॉगिनची कुकी असेल तर कॅश टाळा, हा नियमही लिहून ठेवा. आणि नियम लावल्यावर दोन वेगवेगळ्या खात्यांनी, दोन वेगवेगळ्या फोनवरून तेच पान उघडून बघा. या तपासणीला पाच मिनिटं लागतात, पण नियम लावल्याच्या आनंदात ती राहून जाते.

नागपूरची_संत्री

मला वेगळी गोष्ट विचारायची आहे. 'जवळचा' सर्व्हर निवडतो कोण? मी नागपुरात. माझी मागणी मुंबईला जाते, नागपुरातच राहते की आणखी कुठे, हे मला कसं कळेल?

खलाशी

हे मी घेतो, नेटवर्कमध्येच काम करतो.

दोन पद्धती आहेत. पहिली डीएनएसची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) सांगणाऱ्या यंत्रणेची. तुम्ही संकेतस्थळाचं नाव विचारलंत की सीडीएनचा डीएनएस सर्व्हर बघतो की विचारणारा कुठला, आणि त्याच्याजवळच्या मशीनचा आयपी देतो. अकामाई या सीडीएन कंपनीने हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजवली. यात मेख अशी की त्याला तुम्ही दिसत नाही, तुमचा डीएनएस रिझॉल्व्हर (तुमच्या वतीने पत्ता विचारणारा सर्व्हर) दिसतो. तो दुसऱ्या देशात असेल तर उत्तरही तिकडचंच येतं. यावर उपाय म्हणून रिझॉल्व्हरने तुमच्या आयपीचा सुरुवातीचा भाग पुढे कळवायची सोय निघाली, पण सगळे रिझॉल्व्हर तो कळवत नाहीत. खासगीपणाचं कारण देतात, आणि ते खरंही आहे.

दुसरी एनीकास्ट. एकच आयपी पत्ता जगभरच्या शेकडो ठिकाणांहून जाहीर करायचा आणि कुठली वाट घ्यायची ते इंटरनेटच्या राउटिंगवर सोडायचं. क्लाउडफ्लेअर हे करतं. 'जवळचा' इथे किलोमीटरवर ठरत नाही, तुमच्या इंटरनेट कंपनीची त्यांच्याशी जोडणी कुठे आहे त्यावर ठरतं. नागपुरात त्यांचं केंद्र आहे. पण तुमच्या कंपनीने त्यांच्याशी देवाणघेवाण फक्त मुंबईत ठेवली असेल तर तुम्ही मुंबईलाच जाल. सिंगापूरला जाणारेही असतात.

बघणं सोपं आहे. 'सीएफ-रे' नावाच्या हेडरच्या शेवटी विमानतळाचा तीन अक्षरी कोड असतो: मुंबईचा बीओएम, चेन्नईचा एमएए, नागपूरचा एनएजी, सिंगापूरचा एसआयएन. मोबाइल डेटावर आणि घरच्या वायफायवर वेगवेगळा आला तर नवल वाटू देऊ नका.

म्हणूनच 'आमची जगात अमुक इतकी केंद्रं आहेत' या जाहिरातीवर जाऊ नका. तुमचे वाचक ज्या नेटवर्कवर आहेत तिथून मोजा. जळगावच्या मावशीचा फोन आणि न्यू जर्सीच्या भाच्याचा लॅपटॉप, दोन्हीकडून.

नागपूरची_संत्री

बघितलं. घरी बीओएम, मोबाइलवर एनएजी. धन्यवाद!

निशाचर

अकामाईचा विषय निघालाच आहे तर त्यामागचं गणित सांगितल्याशिवाय राहवत नाही. मला ते फार सुंदर वाटतं.

समजा दहा सर्व्हर आहेत आणि कुठली फाइल कुठल्या सर्व्हरवर ठेवायची ते हवंय. सोपी रीत: फाइलीच्या नावाचा हॅश (नावावरून ठरावीक रीतीने निघणारा आकडा) काढा, दहाने भागा, उरलेली बाकी हा सर्व्हरचा क्रमांक. आता एक सर्व्हर बंद पडला. नऊने भागायला लागलात की जवळपास प्रत्येक फाइलीची बाकी बदलते. सगळ्या प्रती चुकीच्या जागी, आणि सगळ्या मागण्या एकदम मूळ सर्व्हरवर. ऐन गर्दीत एक मशीन गेलं म्हणून पूर्ण व्यवस्था कोसळायची.

१९९७ मध्ये एमआयटीतल्या डेव्हिड कार्गर, टॉम लेटन, डॅनियल लुईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कन्सिस्टंट हॅशिंग'चा निबंध मांडला. फाइली आणि सर्व्हर दोन्ही एकाच वर्तुळावर हॅशने बसवायचे. फाइल वर्तुळावर तिच्यापुढे येणाऱ्या पहिल्या सर्व्हरची. सर्व्हर गेला तर फक्त त्याच्या वाट्याच्या फाइली पुढच्याकडे सरकतात, बाकीच्या जागच्या जागी राहतात. १९९८ मध्ये लेटन आणि लुईन यांनी याच कामातून अकामाई काढली. लुईन ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर आदळवलेल्या पहिल्या विमानात होते. त्या वेळी ते ३१ वर्षांचे होते. त्याच दिवशी बातम्यांची संकेतस्थळं गर्दीने कोलमडत होती आणि ती उभी ठेवायला त्यांच्याच कंपनीची यंत्रणा राबत होती. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

रानजाई

निशाचर, हे माहीत नव्हतं. लिहिल्याबद्दल आभार.

माझा प्रश्न गर्दीचाच. क्रिकेटच्या सामन्याला कोट्यवधी लोक एकाच वेळी बघतात, तेही सीडीएनच ना? आणि दहावीच्या निकालाच्या दिवशी पान उघडत नाही, ते का?

खलाशी

हो, सीडीएनच. १० जुलै २०१९ च्या भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्याला हॉटस्टारवर एका क्षणी २.५३ कोटी लोक होते. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अंतिम सामन्याला ५.९ कोटी. हे शक्य होतं कारण प्रक्षेपण म्हणजे काही सेकंदांच्या छोट्या फाइलींची रांग असते आणि सगळ्यांना तीच फाइल हवी असते. एज सर्व्हरवर हजार जणांनी एकदम मागितली आणि प्रत अजून आलेली नसेल, तर तो मागे एकच मागणी पाठवतो आणि उत्तर आलं की हजारांना वाटतो. मध्ये आणखी एक थर असतो, त्याला शील्ड म्हणतात. सगळ्या शहरांचे एज सर्व्हर आधी शील्डला विचारतात. मूळ सर्व्हरपर्यंत फार थोडं पोचतं.

निकालाचं उलट आहे. लाखो विद्यार्थी एका वेळेला येतात, पण प्रत्येकाला वेगळी गुणपत्रिका हवी, शिवाय बैठक क्रमांकाबरोबर आईचं नाव द्यावं लागतं. दोघांची मागणी सारखी नाही. सीडीएन मुखपृष्ठ आणि फॉर्म देईल, त्यानंतरची शोधाशोध मूळ यंत्रणेलाच करावी लागते. त्यामुळे तिथे भार वेगवेगळ्या संकेतस्थळांवर आणि ॲपवर वाटणं हाच शहाणपणा, आणि आता तसं होतंही.

म्युनिककर

इकडे जर्मनीत आमच्या मराठी मंडळाचं संकेतस्थळ मी सांभाळतो. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

फॉन्ट. देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा मोठी असते, कारण जोडाक्षरांचे आकार त्यात असतात. बरेच जण मुक्ता किंवा नोटो थेट गूगलच्या सर्व्हरवरून घेतात. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने निकाल दिला की अशाने वाचकाचा आयपी पत्ता त्याच्या संमतीशिवाय गूगलकडे जातो, आणि त्या संकेतस्थळाच्या मालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. तेव्हापासून इकडची बरीच मंडळं फॉन्ट स्वतःच्याच पत्त्यावरून देतात.

पूर्वी याविरुद्ध एक युक्तिवाद असायचा: गूगलवरून घेतलेला फॉन्ट वाचकाच्या ब्राउझरमध्ये दुसऱ्या संकेतस्थळामुळे आधीच साठलेला असेल. आता ते खरं नाही. क्रोमने ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक संकेतस्थळाची कॅश वेगळी ठेवायला सुरुवात केली. सफारी त्याच्या आधीपासून, फायरफॉक्स २०२१ पासून. त्यामुळे फॉन्ट, जेक्वेरीसारख्या तयार स्क्रिप्ट वगैरे स्वतःच्याच डोमेनवर ठेवून स्वतःच्या सीडीएनमधून द्या. जलदही आणि सुरक्षितही.

निशाचर

सुरक्षितवर माझं जोरदार अनुमोदन. जुन्या ब्राउझरसाठी तयार स्क्रिप्ट देणाऱ्या 'पॉलीफिल'चं डोमेन फेब्रुवारी २०२४ मध्ये विकलं गेलं आणि जूनमध्ये लक्षात आलं की तिथून येणारी स्क्रिप्ट वाचकांना भलत्याच संकेतस्थळांवर ढकलते आहे. १ लाखाहून अधिक संकेतस्थळांनी ती एक ओळ वर्षानुवर्षं तशीच ठेवली होती. बाहेरून स्क्रिप्ट घेणं अगदी अटळ असेल तर टॅगमध्ये 'इंटिग्रिटी'चा हॅश द्या. फाइलीत एक अक्षर बदललं तरी ब्राउझर ती चालवत नाही.

डोंगरयात्री

सीडीएनच बंद पडला तर? नोव्हेंबर २०२५ मध्ये एका दुपारी निम्मं इंटरनेट गेल्यासारखं झालं होतं.

केबलवाला

१८ नोव्हेंबर. भारतात पाचच्या सुमारास सुरू झालं. क्लाउडफ्लेअरच्या एका डेटाबेसमधल्या परवानग्या बदलल्यामुळे बॉट (माणसाऐवजी येणारे प्रोग्रॅम) ओळखण्यासाठीची एक फाइल दुप्पट मोठी झाली, ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमची मर्यादा ओलांडली गेली आणि तो कोसळला. त्याआधी ८ जून २०२१ ला फास्टली हा दुसरा सीडीएन. त्यांच्या एका ग्राहकाने पूर्णपणे वैध असा बदल केला आणि आधीपासून दडलेला दोष जागा झाला. ८५ टक्के नेटवर्क त्रुटी देऊ लागलं; ४९ मिनिटांत ९५ टक्के सावरलं.

मोठे लोक यासाठी दोन सीडीएन ठेवतात. आपल्यासारख्यांनी ते करू नये. दोन ठिकाणचे नियम सारखे ठेवण्याच्या नादात निशाचर यांनी सांगितलेला स्टीमसारखा प्रकार व्हायचा. एवढं मात्र करा: डोमेनची नोंदणी सीडीएनपेक्षा वेगळ्या कंपनीकडे ठेवा, म्हणजे सीडीएनचं पॅनेल बंद असलं तरी नेमसर्व्हर (तुमच्या डोमेनचा डीएनएस सांभाळणारे सर्व्हर) बदलता येतील. नेमसर्व्हर बदल पसरायला वेळ लागतो, तेव्हा तासाभराच्या बिघाडासाठी घाई करू नका. गडांच्या संकेतस्थळाला एक तास थांबता येतं.

आता तुमच्यासाठी थेट सल्ला. वाचक महाराष्ट्रात असतील तर आधी मूळ सर्व्हरच मुंबईत आणा. अनेक कंपन्या तिथे जागा देतात, आणि ज्या वाचकांसाठी सीडीएन लावणार होतात त्यातल्या बहुतेकांचा प्रश्न तिथेच सुटतो. सीडीएन त्यानंतर, परदेशातल्या वाचकांसाठी आणि गर्दीसाठी. छायाचित्रं वेबपी किंवा एव्हीआयएफ या कमी जागा घेणाऱ्या प्रकारांत द्या आणि फोनला फोनच्या मापाची पाठवा. ५ एमबीचं छायाचित्र शेजारच्या गल्लीतून आलं तरी ५ एमबीच असतं.

मजकुरासाठी ब्रॉटली (मजकूर दाबून लहान करण्याची पद्धत) चालू आहे का तेही बघा. मराठीला याची जास्त गरज आहे: यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. पण त्यातला पहिला बाइट कायम तोच आणि दुसरा दोनांपैकी एक, त्यामुळे दाबल्यावर मराठी पान झपाट्याने आटतं.

डोंगरयात्री

सर्व्हर हलवायची तयारी आजच सुरू करतो. शेवटचं विचारतो: आमच्या पानांचे पत्ते देवनागरीत आहेत. एका लेखात दुरुस्ती केली, सीडीएनच्या पॅनेलमध्ये पत्ता टाकून प्रत पुसली, तरी जुनंच पान येतंय. लेखाचं नाव 'सह्याद्रीच्या दऱ्या'.

खलाशी

'दऱ्या'मधला ऱ तपासा. तो दोन प्रकारे लिहिता येतो: एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि खाली नुक्ता. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण पत्त्याचं टक्क्यांच्या चिन्हांत रूपांतर झालं की दोन वेगळे पत्ते होतात आणि कॅशच्या लेखी ती दोन वेगळी पानं. पॅनेलमध्ये पत्ता हाताने टाइप करू नका. पान उघडून ॲड्रेस बारमधून कॉपी करा आणि तोच चिकटवा. शेवटचा तिरपा दंड आहे की नाही, तेही जुळलं पाहिजे.

डोंगरयात्री

कॉपी करून टाकल्यावर नवीन पान आलं. मी टाइप केलेला ऱ नुक्त्याचा होता.

केबलवाला

उत्तम. आता वर्डप्रेसमध्ये लेख जतन करतानाच पत्ता एकाच रूपात आणणारं प्लगइन किंवा छोटा कोड लावा, नाहीतर 'किनाऱ्यावर'च्या वेळी हेच पुन्हा होईल. सर्व्हर हलवण्याच्या आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) ३०० सेकंदांवर आणून ठेवा आणि जुना सर्व्हर आठवडाभर चालू राहू द्या. कुठे अडलात तर इथेच लिहा.